काकीची गाय आणि माझे विषाणू

वारूळवाडीच्या आमच्या घरात शेत वडील आणि काका बघतात, स्वयंपाकघर आईचं आणि गोठा काकीचा. गोठ्यात चार संकरित गायी आहेत. त्यांतली काळी गाय सगळ्यांत जास्त दूध द्यायची आणि सगळ्यांत जास्त दुखणीही तिचीच असायची.

त्या वर्षी मी मंचरच्या बाजूच्या एका कॉलेजात मॉलिक्युलर बायॉलॉजीत एम.एस्सी. करत होते. एसटीनं रोज जाऊन येऊन. शेवटच्या सत्रात प्रत्येकाला एक छोटं संशोधन करायचं असतं आणि विषय देण्याची मुदत जवळ येत चालली होती. वर्गातल्या बहुतेकांनी कुठल्यातरी औषधी पाल्याचा अर्क घेऊन तो जंतूंवर घालायचं ठरवलं होतं. मला माणसाच्या जनुकांवर काम करायचं होतं, शक्यतो कॅन्सरच्या. बारावीत कांद्याचा लगदा, मीठ, शाम्पू आणि थंड स्पिरिट वापरून डीएनए काढायचा प्रयोग केला होता. परीक्षानळीत वर तरंगत आलेले ते पांढरे धागे काचेच्या काडीवर गुंडाळले, तेव्हापासून हे डोक्यात होतं. पण माणसांचे नमुने मिळवणं आमच्या कॉलेजात शक्य नव्हतं. मॅडमनी ते पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं.

अशात एका सकाळी काकी काळीची धार काढायला बसली. मिल्किंग मशीन लावायच्या आधी ती प्रत्येक सडातून पहिली धार हातानं काढून बघते. मागच्या डाव्या सडातून फाटलेल्या दुधासारखं पाणी आणि गुठळ्या आल्या. काकीनं कासेवर हात फिरवला.

"झाली परत दगडी," ती म्हणाली.

पुस्तकात या आजाराला कासदाह म्हणतात. आमच्याकडे दगडी. कास हाताला दगडासारखी कडक लागते म्हणून. डॉक्टर आले, सडात औषधाची ट्यूब सोडली, इंजेक्शन दिलं आणि जाताना म्हणाले, "या सडाला औषध लागू पडेनासं झालंय. जंतू सरावलेत."

ते गेल्यावर काकीनं गायीच्या पाठीवर हात ठेवला. मग मला म्हणाली, "तू जंतूंचंच शिकती ना? मग ह्यांना मारायचं काय तरी शिकवत असतील की."

मागच्याच आठवड्यात आम्हाला एक तास झाला होता तो जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंवर. त्यांना फेज म्हणतात. एखाद्या जंतूवर फेज बसतो, आपला डीएनए आत सोडतो, जंतूच्याच यंत्रणेवर आपली पिल्लं तयार करून घेतो आणि शेवटी जंतू फोडून ती बाहेर पडतात. मी काकीला म्हटलं, "जंतूंना खाणारे विषाणू असतात."

"मग आण की."

हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली की जणू मी कॉलेजातून येताना मेडिकलमधून गोळी आणणार होते. पण दुसऱ्या दिवशी एसटीत बसल्या बसल्या मला जाणवलं, माझा विषय ठरून गेला होता.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या कमी बोलतात, आणि बोलतात तेव्हा चष्मा हातात घेतात. "फेज शोधणं वाटतं तेवढं सोपं नाही. मिळेलच असं नाही. आणि मिळाला तरी आपल्या हातून गायीचं औषध होणार नाही. एवढं घरी आधीच सांगून ठेव."

मी संध्याकाळीच सांगितलं. काकीनं ऐकलंही, पण आशा असलेलं माणूस ऐकतं तसं. "बरं बरं, औषध नगं, तू शोध तर," ती म्हणाली.

आधी जंतू पकडायचा होता. काकीनं सड धुऊन, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून, निर्जंतुक केलेल्या छोट्या बाटलीत धार काढून दिली. बाटली बर्फात ठेवायला नारायणगावच्या आइस्क्रीमवाल्याकडून थर्माकोलचा जुना डबा मागून आणला. कंडक्टरनं विचारलं, "काय, मासं का?" मी दूध म्हटल्यावर त्याला ते पटलं नाही. एवढ्या थाटात दूध कोण नेतं? लॅबमध्ये खारट माध्यमाच्या थाळीवर दूध पसरलं. दुसऱ्या दिवशी गुलाबी थाळी पिवळी झालेली होती. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू द्राक्षाच्या घडांसारखे दिसत होते. कासदाहाच्या जंतूंमधला हा सगळ्यांत चिवट प्रकार. पुढच्या चाचण्यांत ते पक्कं झालं.

आता त्याला खाणारा शोधायचा. जिथं जंतू जास्त तिथं त्यांचे फेज, हा साधा नियम. म्हणजे जितकं घाण पाणी तितकं चांगलं. त्या काळात मी जिथं जाईन तिथं गटारं बघायचे. मीना नदीचं पाणी घेतलं, आमच्या गोठ्यातल्या शेणमुताच्या खड्ड्याचं घेतलं, मंचरच्या बाजारामागच्या नाल्याचं घेतलं. एकदा आळेफाट्याला मामेबहिणीकडे गेले होते तर हॉटेलांच्या मागून वाहणाऱ्या गटाराशी बाटली घेऊन वाकले. शेजारच्या गॅरेजमधला माणूस हातातला पाना ठेवून माझ्याकडे बघत राहिला. शेवटी न राहवून म्हणाला, "ताई, काय पडलं का आत? काढून देऊ?"

ते पाणी अतिबारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळायचं. जंतू वर अडकतात, विषाणू खाली उतरतात. गाळलेलं पाणी आपल्या जंतूबरोबर अगारच्या मऊ जेलीत मिसळून थाळीवर ओतायचं आणि उबवणीत ठेवायचं. फेज नसेल तर थाळीभर जंतूंची सलग साय धरते. फेज असेल तर त्या सायीत काचेसारखे स्वच्छ ठिपके पडतात. प्रत्येक ठिपका म्हणजे तिथं जंतू मेले.

मला रोज सकाळी सलग साय मिळत होती. थाळी उजेडाकडे धरायची, तिरपी करायची, परत धरायची. कधी हवेचा बुडबुडा ठिपक्यासारखा दिसायचा आणि मी भिंग आणायला धावायचे. वर्गातल्या बाकीच्यांचे आलेख निघू लागले होते. माझ्याकडे धुवायच्या थाळ्या साठत होत्या. एकदा मी मॅडमना विषय बदलून मागितला. त्या म्हणाल्या, "तुझ्या गावात दूध गोळा होतं ना? ते कॅन धुतलेलं पाणी कुठं जातं?"

आमच्या आळीच्या टोकाला दूध संकलन केंद्र आहे. सगळे त्याला डेअरीच म्हणतात. मागच्या बाजूला कॅन विसळतात आणि ते पाणी उघड्या गटारातून ओढ्याला जातं. रोज त्या गटारावरूनच मी एसटीला जात होते. बाटली भरताना आळीतली एक बाई डोक्यावर घासाचा भारा घेऊन चालली होती. "काय गं, गटारीत काय सापडलं?" तिनं विचारलं.

"व्हायरस शोधतेय मावशी," मी म्हणाले. घाईत होते.

त्या पाण्याच्या थाळीवर ठिपके पडले. बुडबुडे नव्हते. डोळ्यांत भरतील असे, कडा स्वच्छ असलेले गोल ठिपके, सगळ्या थाळीभर. मी थाळी घेऊन मॅडमच्या खोलीत गेले आणि ती त्यांच्यापुढं धरली. त्यांनी थाळी खिडकीकडे धरली, चष्मा काढला, परत लावला आणि म्हणाल्या, "छान. आता परत करून दाखव." मी परत करून दाखवलं. घरी आल्यावर अंगणातूनच ओरडून सांगितलं की डेअरीच्या गटारात विषाणू सापडला. आईनं साखर हातावर ठेवली.

दोन गोष्टी जुळल्या. मावशींनी व्हायरस हा शब्द ऐकलेला होता, आणि शेजाऱ्यांनी डेअरी हा. करोनाला फार वर्षं झाली नव्हती. त्या शब्दापायी लोकांनी काय काय बघितलं होतं. आळीतून फिरून बातमी डेअरीवर पोचेपर्यंत ती अशी झाली होती की डेअरीत व्हायरस निघाला आणि तो आमच्या घरची मुलगी बाटलीत भरून नेते.

दुसऱ्या दिवशी काकी डेअरीवरून आली ती भरलेला कॅन घेऊन. तिनं तो ओट्यावर ठेवला आणि पायरीवर बसली.

"दूध घेतलं न्हाई," ती म्हणाली. "म्हनं तुमच्या घरात व्हायरसचं चाललंय. लोकं बाकीच्यांचं बी दूध घ्यायचं बंद करतील."

संध्याकाळचं दूधही घरातच राहिलं. आईनं मिळतील ती पातेली काढून दही लावलं. घरभर पातेल्यांवर झाकणं होती. वडील जेवताना एवढंच म्हणाले, "ते काम थोडं थांबवता येतं का बघ." मला रडू येत होतं आणि रागही. इतके दिवस जे शोधलं ते सापडलं होतं आणि त्यानंच काकीचा कॅन परत पाठवला होता.

काकी मात्र म्हणाली, "थांबवायचं कशाला? उद्या सकाळी तू माझ्यासंगं चल. तूच सांग त्यांना."

सकाळी डेअरीवर नेहमीची रांग होती. बायका जास्त, काही म्हातारी माणसं, मोटारसायकलवर कॅन बांधून आलेले दोघे-तिघे. सेक्रेटरी फॅट मोजायच्या मशीनपाशी बसले होते. चांगला माणूस, माझ्या वडिलांच्या वर्गातला. ते म्हणाले, "तुमी शिकलेल्या हायेत ताई, पण हितं सगळ्यांच्या दुधाचा प्रश्न हाय. उद्या आपलं दूध नेणाऱ्या वरच्या डेअरीनं ऐकलं तर टँकरच यायचा न्हाई."

मी बोलायला सुरुवात केली. विषाणू आणि जिवाणू यांतला फरक सांगितला, परजीवी म्हटलं, संसर्ग म्हटलं. कॉलेजच्या सेमिनारला असंच बोलून मला टाळ्या मिळाल्या होत्या. इथं रांगेतले चेहरे आणखीच घाबरले. संसर्ग हा एकच शब्द त्यांना कळला असावा.

काकी मागून म्हणाली, "मला गोठ्यात सांगितलंस तसं सांग."

मी पुस्तकातले शब्द बाजूला ठेवले. मग म्हटलं, "द्राक्षाच्या पानांवर पांढरी भुरी धरते. आपण हातानं ती पानं तोडतो. कुणाच्या अंगावर भुरी आलीय का आजपर्यंत?"

एक म्हातारे बाबा म्हणाले, "अंगाव कशी येईल? ती येलीची हाय."

"तसंच हे. हा विषाणू जंतूचा आहे. दगडीच्या जंतूला धरतो आणि मारतो. माणसाला नाही, गायीला नाही. आणि मी तो आणून सोडला नाही. तो आधीपासून होताच. मी फक्त बघितला."

थोडी कुजबुज झाली. सेक्रेटरींच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. मी कुठं कुठं पाणी भरलं होतं ते एव्हाना गावाला माहीत होतं. मग त्यांनी विचारलं, "पन मग आमच्याच गटारीत का घावला? नदीत न्हाई, मंचरला न्हाई."

याचं उत्तर मला माहीत होतं, आणि ते द्यावं का नाही असा क्षणभर प्रश्न पडला. पण खोटं काय सांगणार? मी म्हटलं, "जिथं त्याचं खाणं, तिथंच तो राहतो."

कॅन विसळलेल्या पाण्यात दगडीचे जंतू खाणारा राहत होता, म्हणजे कॅनमध्ये दगडीचे जंतू येत होते. रांगेतल्या प्रत्येक माणसाला गायी होत्या. कुणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. कुणी कॅनच्या झाकणाशी चाळा करू लागलं, कुणी रस्त्याकडे बघू लागलं.

शेवटी काकीच बोलली. "माझ्या काळीला दगडी हाय. म्या लपवलं न्हाई. त्या सडाचं दूध म्या येगळं काढून वततीया, कॅनात घालत न्हाई. ज्याच्या गायीला आसंल त्यानं बी तसंच करावं. त्यात लाजायचं काय? गाय हाय, दुखनं येनारच."

त्यानंतर सेक्रेटरींनी काकीचा कॅन मशीनकडे ओढला.

त्या दिवशी दुपारी आमच्या दारात घासाचा भारा वाहणाऱ्या त्याच मावशी आल्या. पदराखाली खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली होती, तिच्यात दूध. "आमच्या गायीचं बी बघशील का? वरनं काय दिसत न्हाई, पन दूध कमी आलंय." त्यांच्या मागून आणखी बायका आल्या. कुणाकडे लोणच्याची बरणी, कुणाकडे पाण्याची प्लास्टिकची बाटली. त्यातला एकही नमुना माझ्या कामाचा नव्हता, बाटल्या निर्जंतुक नव्हत्या. पण एवढ्या विश्वासानं आणलेलं परत कसं करायचं? दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून स्वच्छ बाटल्या आणल्या आणि काकीला बरोबर घेऊन घरोघरी गेले. सड कसा पुसायचा, पहिली धार का टाकायची, हे काकीनंच सगळ्यांना करून दाखवलं.

असे बरेच जंतू माझ्याकडे जमले. माझा फेज त्यांच्यावर एकेक थेंब टाकून पाहिला. काहींवर थेंबाखालची जागा लख्ख स्वच्छ झाली, काहींवर काहीच झालं नाही. मग फेजचा डीएनए काढून एन्झाइमनं कापला आणि जेलीच्या थरातून विजेनं पळवला. अतिनील दिव्याखाली चकाकणारे ते पट्टे बघताना मला माणसाच्या जनुकांची आठवणही झाली नाही. गटारातला हा कुणी अज्ञात, ज्याला अजून नावही नाही, त्याचा डीएनए पहिल्यांदा मी बघत होते.

मग मॅडम म्हणाल्या, "थाळीवर मारतो, ते ठीक. दुधात मारतो का?"

मी काळीच्या चांगल्या सडातलं कच्चं दूध आणलं. त्यात जंतू सोडले, फेज सोडला, उबवणीत ठेवलं आणि मोजलं. जंतू जसेच्या तसे. परत केलं. तसेच. मॅडमनी तेच दूध तापवून बघायला सांगितलं. तापवून गार केलेल्या दुधात मात्र फेजनं जंतूंचा फडशा पाडला. माझ्याआधी दुसरीकडच्या लोकांनाही हे दिसलेलं होतं. कच्च्या दुधातली काही प्रथिनं जंतूला असं वेढून बसतात की फेजला टेकायला जागाच राहत नाही. तापवल्यावर ती प्रथिनं बदलतात. म्हणजे जे दूध वासराला पोसतं, तेच नकळत जंतूलाही पांघरूण घालतं.

घरी जाऊन काकीला हे सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. ती गायींपुढं मुरघासाचा चारा टाकत होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "म्हंजी दूध तापवलं तर चालतं."

"हो."

"मग गायीला चुलीवर बसवू का?"

आणि ती हसायला लागली. मला आधी हसू येईना, मग आवरेना. गाय वळून आमच्याकडे बघत होती. हसून झाल्यावर काकीनं डोळे पुसले. ते पाणी हसण्यानंच आलं होतं का, मला नीट कळलं नाही. "जाऊ दे. डॉक्टर म्हनलेत त्यो सड आटवून टाका. तीन सडांवर बी गाय चालती. तू काय वाईट वाटून घेऊ नको. तुझ्या मॅडम पहिल्यांदाच म्हनल्या व्हत्या."

तो सड आटला. काळी पुढं व्यायली, कालवड झाली, आणि तीन सडांवर तिनं आधीपेक्षा थोडंच कमी दूध दिलं. आळीतल्या काहीजणी धार काढून झाल्यावर सड औषधात बुडवू लागल्या. काहीजणी चार दिवस बुडवून कंटाळल्या. डेअरीत कॅन गरम पाण्यानं धुवायला लागले. नंतर मी एकदा तिथलं पाणी परत तपासलं तर ठिपके पडले नाहीत. दुधातले जंतू कमी झाले होते की गरम पाण्यानं फेजच मेले होते, हे त्या एका थाळीवरून मला सांगता येणार नव्हतं. सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा मी तसंच सांगितलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही. त्यांना "डेअरी साफ आहे" असं ऐकायचं होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर माझा अहवाल चाळून म्हणाले, "म्हणजे शेवटी कच्च्या दुधात उपयोग नाही. मग प्रोजेक्ट फसला म्हणायचा का?"

मी मॅडमकडे पाहिलं. मग मी म्हटलं, "फेज फसला सर. तो का फसला, त्यावर मला पुढं काम करायचंय." सरांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. गुण बरे मिळाले.

आता मी पुण्यात एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट आहे. दुधातली प्रथिनं एकेक करून वेगळी काढायची आणि कुणाच्या असण्यानं फेजची वाट अडते ते बघायचं, हे माझं रोजचं काम. बऱ्याच दिवसांत काही हाती लागत नाही, पण आता त्याची सवय झाली आहे. कॅन्सरच्या जनुकांवर काम करणारी माझी मैत्रीण कधी कधी चिडवते की तू मोठं स्वप्न सोडून गोठ्यात शिरलीस. मला तसं वाटत नाही. एवढ्याशा गोष्टीनं एवढ्याशा गोष्टीला धरायचं की नाही, हा प्रश्न मला पुरेसा मोठा वाटतो.

शहरात कच्चं दूध सहज मिळत नाही, म्हणून रविवारी घरी गेले की सोमवारी पहाटेच्या एसटीनं बरणी घेऊन येते. काकी मागितल्यापेक्षा नेहमी जास्तच देते. प्रयोगापुरतं दूध मी प्रयोगशाळेत नेते आणि बाकीचं आधीच बाहेरच्या चहाच्या खोलीत ठेवते. सोमवारचा चहा जरा दाट होतो, हे आता सगळ्यांना माहीत झालं आहे.